याला तुमच्याकडे काय म्हणतात?

आधी माफी मागतो. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. आजवर माझ्या हातून झालेलं सगळ्यात मोठं लिखाण म्हणजे प्रॅक्टिकलची जर्नल, आणि तीही निम्मी मित्राची पाहून. माणसांवर लिहिणाऱ्यांनी पुष्कळ वाचलेलं असतं, जग पाहिलेलं असतं. मी जळगाव पाहिलं आणि आता थोडं धुळं. तेव्हा निंबानानांवर मी लिहायला बसावं हे जरा जास्तच आहे, हे मला कळतं. शिवाय ज्या दोन माणसांबद्दल लिहितोय त्या दोघांनीही मला वेगवेगळं गाठून "कोणाला सांगू नको" असं बजावलं होतं. दीड वर्ष मी ते पाळलं. गेल्या सोमवारी ते बंधन सुटलं, म्हणून हे धाडस. चुकलं तर सांभाळून घ्या.

बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला तेव्हा वडील आणि मी जळगावात खोली शोधत फिरत होतो. एका घराच्या ओट्यावर एक गृहस्थ बसले होते. पांढरा स्वच्छ सदरा, पांढरं धोतर, पांढरी टोपी. आम्ही म्हणालो, वरची खोली भाड्याने आहे असं कळलं. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, टक्के विचारले नाहीत. उठून जवळ आले, माझ्या शर्टाची बाही दोन बोटांत धरली आणि म्हणाले,

"याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

"शर्ट," मी म्हणालो.

"शर्ट मलाही कळतो रे भो. रंग विचारतोय."

"निळा."

वडिलांना वाटलं, खोलीसाठी तोंडी परीक्षा चालू आहे आणि पोरगा नापास होतोय. ते घाईघाईने म्हणाले, "आकाशी! आकाशी शे तो."

गृहस्थांना इतका आनंद झाला की त्यांनी टाळीच वाजवली. "निळा आणि आकाशी! एक घर, एक शर्ट, आणि उत्तरं दोन! घ्या खोली."

परतीच्या एसटीत एरंडोल आल्यावर वडील म्हणाले, "माणूस चांगला शे. फक्त डोकं जरासं सरकेल शे."

ते निंबानाना. सराफ बाजाराजवळच्या एका मोठ्या साडीच्या दुकानात चाळीस वर्षं सेल्समन. दुकान राजस्थानी शेठचं. मोठ्या शेठने तरुणपणी नानांना गादीवर बसवलं आणि मग नाना तिथून उठलेच नाहीत. पांढरी गादी, मागे फळ्यांवर साड्यांच्या थप्प्या, समोर बायका. लग्नाचा बस्ता काढायला पार शिरपूर-शिंदखेड्याहून गाड्या यायच्या, आणि बायका पायरीवरूनच विचारायच्या, "नाना आहेत का? नसले तर आम्ही चहा पिऊन येतो."

मी एकदा मुद्दाम बघायला गेलो. नानांची विक्रीची पद्धत फार वेगळी होती. बाकीचे सेल्समन साडी उलगडताना रंगाचं नाव ओरडायचे: "ही बघा ताई, मोरपंखी! ही बघा, अबोली!" नाना कधीच रंगाचं नाव घ्यायचे नाहीत. साडी अलगद उलगडायची, पदर गुडघ्यावर पसरायचा, मान तिरकी करायची आणि विचारायचं, "ताई, याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

ताई विचारात पडायच्या. आजवर त्यांना साडीच्या दुकानात कोणी काही विचारलेलंच नसायचं. "हे? हे... वांगी कलर."

"वांगी!" नाना डोळे मिटून घ्यायचे. "बघा, इतकी वर्षं या गादीवर बसतोय, पण हा शब्द तुमच्या तोंडून ऐकला तेव्हा खरा वाटला. वांगी!"

झालं. ती साडी घरी गेलीच म्हणून समजा. नाना म्हणायचे, "बाळाचं नाव बाईने ठेवलं, की बाळ दुकानात ठेवून तिचा पाय निघत नाही." सासू-सून आल्या आणि सासूने 'डाळिंबी' म्हटलं, सुनेने 'मरून' म्हटलं, तर नाना कोणालाच चूक म्हणायचे नाहीत. म्हणायचे, "दोघींचं बरोबर. दोघींना दोन दिसतात, तर दोन घ्या." आणि त्या खरंच दोन घ्यायच्या.

नानांच्या पत्नीला सगळी गल्ली अक्का म्हणायची. नानांना रंग विचारायची खोड, तर अक्कांना रंग सांगायची. सकाळी चहाचा कप हातात देताना त्या सांगायच्या, "आज मी चिंतामणी नेसेल शे बरं." कोणी विचारलेलं नसायचं. भाजीवाला दारात आला की, "हे टमाटे लाल झाले, हे अजून हिरवे." दोरीवरचे कपडे काढताना, "तुमचा तपकिरी रुमाल इथे ठेवला. हिरवा त्या बाजूला." जेवताना, "ही ठेच्याची मिरची हिरवी, ती लाल. लाल तिखट शे." मला वाटायचं, बाईंना साड्यांचं कौतुक करून हवं असेल. पण मग टमाट्यांचं कौतुक कशाला? शेवटी मी ठरवलं की दोघांचं जमतं ते यामुळेच. एकाला विचारायचंच असतं, दुसरीला सांगायचंच असतं.

संध्याकाळी नाना दुकानातून आले की आम्ही ओट्यावर बसायचो. मी फिजिक्स शिकतो हे कळल्यापासून ते मला 'सायंटिस' म्हणायचे. तिसऱ्या वर्षाला मला सेमिनार द्यायचा होता, विषय 'भौतिकशास्त्रातील न सुटलेले प्रश्न'. मी तो फार मनापासून घेतला होता. त्याला एक घरगुती कारण होतं. वडील फोनवर दर आठवड्याला विचारायचे, "अवघड शे का रे ते?" मी म्हणायचो, हो. "बठ्ठामा अवघड?" मी म्हणायचो, हो आबा, सगळ्यात अवघड. ते मग गावात पारावर सांगायचे की आमचा योगेश जगातलं सगळ्यात अवघड शिकतो. तेव्हा फिजिक्स हेच सगळ्यात अवघड राहणं मला भाग होतं.

मी नानांना सांगितलं, "नाना, विश्वात जेवढं दिसतं त्यापेक्षा न दिसणारं जास्त आहे. त्याला डार्क मॅटर म्हणतात. आकाशगंगा कशा फिरतात त्यावरून कळतं की काहीतरी जास्तीचं आहे, पण काय आहे ते कोणालाच सापडत नाही."

नाना विचार करून म्हणाले, "माल आहे, वजन भरतंय, फक्त नजरेला पडत नाही. असंच ना?"

"असंच."

"मग तो गोदामातच असेल. आमचा इरकलचा एक गठ्ठा असाच हरवला होता. पाच वर्षांनी पोटमाळ्यावर सापडला. वर दिवाळीच्या पणत्या ठेवल्या होत्या. तुमचाही सापडेल. पुढचा सांग."

मी पुढचा सांगितला. मोठ्या गोष्टींचं गणित वेगळं, अणूपेक्षा लहान गोष्टींचं गणित वेगळं, दोन्ही आपापल्या जागी बरोबर, पण एकत्र मांडली की जुळत नाहीत.

"सख्खे भाऊ आहेत," नाना म्हणाले. "वेगळे राहतात तोवर गुणाचे. एका चुलीवर आणले की भांडण. एखादा शहाणा माणूस मध्ये पडला की मिटेल. हा अवघड आहे, पण अवघडच आहे. आता माझा प्रश्न घे. लाल रंग तुले कसा दिखस?"

मी म्हणालो, "लाल प्रकाशाची तरंगलांबी साधारण सातशे नॅनोमीटर..."

"नंबर नको. थानावरही नंबर असतो. दिसतो कसा?"

"टमाट्यासारखा."

"आणि टमाटा कसा दिसतो?"

"लाल."

नाना टोपी काढून डोकं खाजवत माझ्याकडे बघत राहिले. मला राग आला. मी म्हणालो, "नाना, फिजिक्सच्या प्रश्नांसाठी कोसभर लांबीची यंत्रं लागतात. हजारो माणसं कामाला लागतात. तुमच्या प्रश्नाला काय लागतं? एक टमाटा!"

"तेच म्हणतोय मी. टमाटा हातात आहे, तरी सांगता येत नाही. तुमचा गठ्ठा निदान बाहेर कुठेतरी हरवलाय. हा माझ्या आत पडलाय आणि मला दाखवता येत नाही, तुझा मला बघता येत नाही. सायंटिस, कात्रीने दुकानातलं सगळं कापड कापता येतं. कात्री कशाने कापणार?"

मी दुसऱ्या दिवशी सरांना विचारलं की लाल रंग दिसणं म्हणजे नक्की काय असतं. सर चांगले आहेत. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "हे कोणत्या युनिटमध्ये आलंय?" मी म्हणालो, कुठल्याच नाही. सर म्हणाले, "मग बरं आहे. मीच विसरलो की काय असं वाटलं."

असे आमचे वाद चालायचे. मला वाटायचं, नानांना लहानपणी शिकायला मिळालं नाही, त्यामुळे डोक्यात ज्ञानाची हौस राहून गेली आहे. ही माझी समजूत पुढे तशीच राहिली असती, पण दुकानात धाकटे शेठ आले.

धाकटे शेठ म्हणजे मोठ्या शेठचा नातू. पुण्याहून शिकून आला आणि येताना एक गोल दिवा घेऊन आला. तो म्हणाला, आता गिऱ्हाईक पायरी चढत नाही, आपण त्याच्या मोबाईलमध्ये जायचं. दर गुरुवारी दुपारी चार वाजता साड्यांचा लाईव्ह. कॅमेऱ्यापुढे साडी धरायची, बोलायचं, बायका घरून बघतील, लिहून मागवतील. आणि कॅमेऱ्यापुढे कोण बसणार? सगळ्या जिल्ह्याच्या बायकांना माहीत असलेला माणूस एकच.

पहिल्या गुरुवारी नानांचं पोट बिघडलं. दुसऱ्या गुरुवारी दाढ. त्यानंतरच्या रविवारी दुपारी नाना जिना चढून माझ्या खोलीत आले. तीन वर्षांत ते पहिल्यांदाच वर आले होते. त्यांनी दार लोटलं, कडी लावली, खिशातून ब्लाउजपीसचे दोन तुकडे काढले आणि माझ्या पुस्तकांवर शेजारी शेजारी ठेवले. एक गडद लाल होता, एक गडद हिरवा.

"सायंटिस, हे दोन मला एकच दिसतात."

मी हसलो. मला वाटलं, वादाचा नवा डाव आहे. मग मी नानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू थांबवलं.

त्यांनी सगळं सांगितलं. शाळेत चित्राच्या तासाला झाडाची पानं तपकिरी रंगवली म्हणून मार खाल्ला, आणि का खाल्ला ते कळलंच नाही. मोठे झाल्यावर हळूहळू लक्षात आलं. निळा कळतो, पिवळा कळतो. लाल, हिरवा, तपकिरी यांची सगळी खिचडी. सेल्समनची नोकरी मिळाली तेव्हा गरज इतकी होती की बोलले नाहीत. पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकीण बाईंना घाबरून विचारलं, "आजी, याला तुमच्याकडे काय म्हणतात?" आजींनी नाव सांगितलं आणि साडी घेतली. त्या दिवसापासून नाना विचारत आले.

"आता त्या गोल दिव्यापुढे मी कोणाला विचारू? तिथे कोणीच नसतं. गिऱ्हाईक दिसत नाही ते गिऱ्हाईक कसलं?"

"नाना, शेठना सांगून टाका. ते काही काढून टाकणार नाहीत तुम्हाला."

"शेठचं भ्या नाही रे मला." नाना खाली बसले. "अक्काला कळेल."

"अक्कांना माहीत नाही?"

"अडतीस वर्षं झाली. तिला बघायला गेलो होतो. ती पोहे घेऊन आली. सगळे म्हणाले, मुलाला काही विचारायचं असेल तर विचारा. मला काही सुचेना. मी म्हणालो, 'हिरवा रंग शोभतो तुम्हाला.' आणि सगळं घर हसायला लागलं. डाळिंबी नेसली होती रे ती. लालबुंद. तिचे वडील म्हणाले, मुलगा गमत्या आहे. ती पण गालात हसली आणि होकार आला." नाना त्या दोन तुकड्यांकडे बघत होते. "तिने गमत्या माणसाशी लग्न केलंय. अडतीस वर्षं गमत्या म्हणून नांदवलं. आता काय सांगू, ती गंमत नव्हती, मला दिसलंच नव्हतं?"

मी मला येतं तेवढं सांगितलं. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी असतात, त्यातल्या एका प्रकारात नानांना जन्मापासून फरक आहे, बऱ्याच पुरुषांना असतो. वहीत आकृती काढून दाखवली. नानांनी ती नीट ऐकली, दोनदा विचारून घेतली.

"म्हणजे माझ्यात काहीतरी कमी आहे हे तुझ्या शास्त्राने सांगितलं. किती कमी, कुठे कमी, तेही सांगितलं."

"हो."

"पण काय कमी आहे? तो लाल कसा असतो? ते या वहीत कुठे लिहिलंय?"

मी वहीकडे पाहिलं. आकृती बरोबर होती. नावं बरोबर होती. ते लिहिलेलं नव्हतं.

मग मी मला जमणारी गोष्ट केली. दुकानात जाऊन गुरुवारच्या तीस साड्या क्रमाने लावल्या आणि कागदावर यादी केली: एक बॉटल ग्रीन, दोन राणी, तीन चिंतामणी. नाना ती यादी गच्चीवर फेऱ्या मारत पाढ्यासारखी पाठ करायचे. खालून अक्का विचारायच्या, "कसला पाढा चालू शे हो?"

"योगेशचं सायन्स आहे. तुला कळणार नाही."

"बरं," अक्का म्हणायच्या.

गुरुवारी मी कॉलेज बुडवून दुकानात हजर राहिलो. गोल दिवा लागला. नाना टोपी नीट करून गादीवर बसले. आणि चारला पाच मिनिटं कमी असताना धाकटे शेठ म्हणाले, "नाना, पहिल्यांदा भडक कलर पाहिजे, लोक थांबतात," आणि त्यांनी सगळी थप्पी उलटसुलट करून टाकली. मी उघड्या तोंडाने बघत राहिलो. नाना कॅमेऱ्याकडे बघत होते. त्यांना ते दिसलंच नाही.

नानांनी पहिली साडी उलगडली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "तर ताई, ही बघा, बॉटल ग्रीन!"

साडी डाळिंबी होती.

धाकटे शेठ बायकांनी लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवत होते. ते वाचता वाचता अडखळले. "हसतायत सगळे... 'नाना, चष्मा बदला'... 'हा ग्रीन आहे?'..." नानांचा चेहरा त्या दिव्यात अगदी पांढरा झाला. हातातला पदर तसाच राहिला. मला वाटलं, आता उठून तो दिवा बंद करावा.

तेवढ्यात शेठनी पुढचं वाचलं. "कोणीतरी 'एरंडोलची सूनबाई' आहे. लिहिलंय, 'नाना गंमत करतात. डाळिंबी आहे. ओळखा म्हणतात.'"

नानांची मान हळूच तिरकी झाली. गादीवरचे जुने नाना परत आले.

"ओळखलं कोणीतरी!" ते म्हणाले. "मी मुद्दाम उलटं सांगणार. तुम्ही सुलटं करायचं. ही बघा दुसरी. ताई, याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

मग जे झालं ते विचारू नका. बायका तुटून पडल्या. राणी, नाही किरमिजी, नाही गुलबक्षी, अशी भांडणं मोबाईलमध्ये लागली. नाना म्हणायचे, "दोघींचं बरोबर." अडलं तिथे 'एरंडोलची सूनबाई' सगळ्यांच्या आधी हजर असायची. एकच शब्द: 'मेहंदी.' 'विटकरी.' 'शेवाळी.' तीस साड्या संपल्या. धाकटे शेठ नानांच्या पाया पडले आणि म्हणाले, काय आयडिया काढलीत नाना, हे आता दर गुरुवारी करायचं.

मी ही बातमी अक्कांना सांगायला पळत घरी गेलो. दार उघडंच होतं. अक्का पाटावर बसल्या होत्या, नाकावर चष्मा, आणि उजव्या हाताची तर्जनी डाव्या हाताने चोळत होत्या. शेजारी त्यांच्या लेकीने दिलेला जुना मोबाईल. त्यावर दुकानाचा लाईव्ह नुकताच संपला होता आणि खाली एका जास्वंदीच्या फुलाशेजारी नाव होतं, एरंडोलची सूनबाई. नानांचं मूळ गाव एरंडोल.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मग मोबाईल पदराखाली घेतला. तो आता घेऊन काही उपयोग नव्हता, हे त्यांनाही कळलं.

"त्यासले सांगू नको," त्या म्हणाल्या.

"अक्का, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"बघायला आले त्या दिवसापासून. मी डाळिंबी नेसले होते आणि हे म्हणाले हिरवा. सगळे हसले. हे नाही हसले. गंमत करणारा माणूस आधी आपण हसतो, योगेश. हे घाबरले होते."

"मग तुम्ही हो कसं म्हणालात?"

अक्का बोट चोळत राहिल्या. "त्याच्या आधी सहाजण येऊन गेले होते. कोणी विचारलं, भाकरी येते का. कोणी विचारलं, शेतात जाशील का. एकाने चालून दाखव म्हटलं. मी काय नेसले, हे एकानेही बघितलं नव्हतं. यांना दिसलं नाही. पण यांनी बघितलं तर खरं."

"आणि रोज सकाळी तुम्ही साडीचा रंग सांगता ते..."

"चारचौघात चुकायला नको म्हणून. तोंड दुखतं रे कधी कधी. टमाटे, मिरच्या, रुमाल. आता हा गुरुवार वाढला. एका बोटाने लिहायचं म्हणजे." मग पुन्हा म्हणाल्या, "सांगू नको हं. माणूस अडतीस वर्षं जपतोय एक गोष्ट. आपण कशाला हात लावायचा?"

त्या दिवसापासून माझे फार हाल झाले. सकाळी चहाला बसलो की अक्का म्हणायच्या, "आज मी शेवाळी नेसेल शे बरं." नाना म्हणायचे, "छान." मग नाना माझ्याकडे बघायचे, की याने हिला सांगितलं तर नाही? अक्का माझ्याकडे बघायच्या, की याने यांना सांगितलं तर नाही? मी कपात बघायचो. कपात चहा असायचा आणि त्याच्या रंगाबद्दलही बोलायची सोय नव्हती.

सेमिनार झाला. डार्क मॅटर सांगितलं, सख्ख्या भावांचं भांडण सांगितलं, आणि शेवटच्या स्लाइडवर मी लिहिलं, 'एका माणसाच्या आत काय आहे, ते दुसऱ्याला कसं कळावं?' सरांनी विचारलं, "याचं एकक काय?" मी म्हणालो, "सर, एकक नाही." सर म्हणाले, "मग हे फिजिक्स नाही. बसा." मी बसलो. संध्याकाळी नानांना सांगितलं तर ते उडालेच. "एकक नाही! बघ! तुझे सगळे प्रश्न मीटरने मोजायचे आहेत रे. लांब मीटर लागेल एवढंच. आणि याला मीटरच नाही!" त्या रात्री फोनवर वडिलांना मी खरं ते सांगून टाकलं. म्हणालो, "आबा, मी शिकतो ते सगळ्यात अवघड नाही. दुसऱ्या नंबरचं आहे." वडील म्हणाले, "चालेल. पारावर कोणी विचारत नही."

एम.एस्सी.साठी धुळ्याला निघालो तेव्हा नानांनी मला शर्टपीस दिला. म्हणाले, "अक्काने निवडला. मातकट आहे म्हणाली. ती म्हणते म्हणजे असेल." मी तेव्हा या वाक्याकडे लक्ष दिलं नाही. मी बॅगेची चेन लावत होतो.

गेल्या सोमवारी सकाळी मी मेसच्या रांगेत उभा होतो. अक्कांचा फोन आला.

"योगेश, डोळ्याचं ऑपरेशन झालं माझं. मोतीबिंदू. एक डोळा झाला, दुसरा नंतर."

"बरं वाटतंय ना अक्का?"

"ते सोड. ऐक." आवाज वेगळाच होता. "काल मला घरी सोडणार होते. यांना म्हटलं, कपाटातून एखादी साधी साडी आणा. अंगावरची चुरगळली होती. हे घरी गेले आणि दोन तासांनी आले. हातात पांढऱ्या धोतरात बांधलेलं गाठोडं. मी एका डोळ्याने बघतेय. सोडलं, तर माझी डाळिंबी. पेटीच्या तळाची. बघायला आले तेव्हाची."

मी रांगेतून बाहेर आलो.

"दहा बायका होत्या रे तिथे, त्यांच्या घरचे होते, नर्स होती. सगळ्यांच्या देखत हे मोठ्याने म्हणाले, 'घे. हिरवी आणली. हिरवा रंग शोभतो तुला.'"

"चुकले का नाना?"

"चुकतील कसे? ती डाळिंबी शे हे मी त्यासले चाळीस वर्षांत हजार वेळा सांगेल शे. आणि या वेळी आधी हेच हसले."

मी म्हणालो, "म्हणजे तुम्हाला माहीत आहे, हे नानांना... कधीपासून?"

"मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. साडी नेसले आणि रिक्षात बसले."

मागून नानांचा आवाज आला, "कोण शे? सायंटिस शे का? त्याले विचार, सापडला का गठ्ठा?"

अक्का हसल्या. मग नाक ओढल्याचा आवाज आला.

"डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं रे," त्या म्हणाल्या, "आठ दिवस डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. पहिल्याच दिवशी लागलं."